गिरणी बंद पडल्यावर कुणाची माणसं तुटली?

इचलकरंजीत यंत्रमागाचे कारखाने एकामागून एक बंद पडताहेत आणि तिथल्या कुटुंबांचं तुम्हाला सर्वेक्षण करायचंय. तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की, रोजगार गेला की पुरुष एकटा पडतो, बायका मात्र एकमेकींना धरून राहतात, कारण बायकांचे संबंध मुळातच घट्ट असतात. दाखला म्हणून त्यांनी मुंबईच्या १९८२ च्या कापड गिरणी संपाचं नाव घेतलं. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंत.

त्यांना दिसलं ते बरोबर आहे, कारण मात्र चुकलंय. लालबाग, करी रोड, डिलाईल रोड या मुंबईच्या गिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, महिला मंडळं आणि बचत गटांच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. बाईचा स्वभाव जोडून घेण्याचा आणि पुरुषाचा तुटक, असलं काही मला तिथे दिसलं नाही. कुणाची ओळखपाळख कशाला टांगलेली आहे, एवढंच बघायचं असतं. गिरणगावात पुरुषाची माणसं पगाराला टांगलेली होती, बाईची जागेला. पगार आधी गेला, म्हणून पुरुष आधी तुटले. जागा नंतर गेली, तेव्हा बायकाही तुटल्या. तोवर संपावर लिहिणारे लिहून मोकळे झाले होते.

पुरुषांचं आधी सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला किंवा सातारा-कोल्हापूरकडचा पोरगा मुंबईत आला की तो गावच्या गाळ्यात उतरायचा. गाळा म्हणजे गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली खोली. तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीला एक खिळा. सगळे एकाच वेळी खोलीत कधी नसत. पहिल्या पाळीचा निघाला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. मग चुलता किंवा वाडीतला कुणी जॉबरकडे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाकडे, शब्द टाकायचा आणि पोराला बदलीचा पास मिळायचा. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी मागावर काम करायचं, नाहीतर परत फिरायचं. बदलीत वर्षं जायची, पण गेटवर उभं राहूनच तो निम्म्या खात्याला नावानिशी ओळखायला लागायचा. पाळी सुटल्यावर व्यायामशाळा, कबड्डी, भजन, युनियनची सभा. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरायचा तो परळच्या गाळ्यात.

या सगळ्याला पैसा लागायचा आणि तो एकाच दिवशी यायचा. गाळ्याचं भाडं, खानावळवालीचे पैसे, युनियनची पावती, गणपतीची वर्गणी, गावची मनीऑर्डर, सगळं पगाराच्या दिवशी. मैत्री मनापासूनची होतीच. पण तिची हजेरी लागायची ती पगारपत्रकावर.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो विरत गेला, आणि हजारो लोकांना पुन्हा कामावर घेतलंच गेलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत पुरुषांचं जाळं उत्तम चाललं, हे तुमच्या मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटलंय. गाळे रिकामे झाले, माणसं गावी शेतावर गेली, गावाकडून धान्य आलं. संप इतका ताणता आला तो याच जाळ्याच्या जिवावर.

मग तेच जाळं कुचकामी झालं. उसने मागायचे कुणाकडे? ज्याच्याकडे एरवी मागितले असते तोही संपावर. चुलता संपावर, साडू संपावर, ज्याने नोकरीला चिकटवलं तो जॉबरही संपावर. एका धंद्यातली माणसं एकमेकांना सुखात फार उपयोगी पडतात, कारण कामाची बातमी त्यांनाच आधी कळते. धंदाच बसला की सगळे एकाच वेळी हात पसरून उभे. यात पुरुषी स्वभावाचा काही संबंध नाही. त्याच्या सगळ्या ओळखी एकाच कमाईवर उभ्या होत्या, एवढंच.

त्यानंतर लाज आली. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन पोरं येताना दिसली की माणूस गल्ली बदलून जायचा. दोन वर्षं वर्गणी दिली नाही म्हणून मंडळाने काही कुणाला काढलं नव्हतं, पण याचंच जाणं बंद. गावी शिमग्याला जायचं तर एसटीच्या भाड्यापेक्षा हात हलवत जाण्याची पंचाईत मोठी. असं एकेक दार त्याने स्वतःच लावून घेतलं. पुढे वॉचमनची नोकरी मिळाली ती बारा तासांची, गेटवर एकट्याने बसायची. ठेकेदार चार महिन्यांत साइट बदलणार. खात्यात शंभर माणसांच्या गलक्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या खुर्चीवर बोलायला कुणी नसे. दारूचं प्रमाण का वाढलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. या खुर्चीबद्दल कमी.

एक गोष्ट मात्र उलट वाढली. गणपती मंडळं मोडली नाहीत, मोठीच झाली. पण पूर्वी कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांत पुढे जाहिरातदार, बिल्डर आणि पुढाऱ्यांच्या कमानी आल्या. पुरुषांची ओळखपाळख पगारावरून सुटली आणि नेत्याला टांगली गेली. तरुण पोरांना त्यातून कामंही मिळाली. ती कसली, हा वेगळा विषय.

बायकांकडे यायच्या आधी थोडं मागे जावं लागेल. गिरणीत बायकाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या, म्हणजे वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. त्यांच्यावर देखरेख करणारी बाईच असे, तिला नायकीण म्हणत, आणि नव्या बाईला कामाला लावायचं तर शब्द तिच्याकडे टाकायचा. म्हणजे पगाराला टांगलेलं जाळं बायकांचंही होतं. ते विरलं कसं? सुताच्या खात्यांत नवी यंत्रं आली आणि माणसं कमी झाली ती पहिली त्याच खात्यांतली. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा बाईच्या भल्याचा, पण खर्च मालकाच्या माथी, त्यामुळे त्याला बाई नकोशी झाली. बाईला रात्रपाळी बंद होती, आणि तीन पाळ्यांच्या गिरणीत रात्री न येणारा कामगार मालकाला अडचणीचाच. १९८२ चा संप झाला तेव्हा गिरणीत बायका शेकड्याला चार-दोनच उरल्या होत्या. पन्नास वर्षांत हजारो बायकांचं कामाच्या ठिकाणचं गणगोत गेलं, पण एकदम न जाता एकेक खातं करून गेलं, म्हणून त्याचा संप झाला नाही आणि इतिहासही नीट झाला नाही.

संपाच्या वेळी म्हणूनच बायकांकडे उरलं होतं ते चाळीतलं. इथे एक फरक लक्षात घ्या. पुरुष मुंबईत आला तो गाव पाठीवर घेऊन. बाई लग्न करून आली ती एकटी. माहेर राहिलं चिपळूणला किंवा कराडला, वर्षातून एखाद्या वेळी भेट. तिला माणसं नव्याने जोडावी लागली, आणि ती कुठे, तर सामाईक नळावर, गॅलरीत, रेशनच्या रांगेत, संडासाच्या रांगेत. दहा बाय बाराच्या खोलीचं दार दिवसभर उघडंच. त्या दारातून वाटीभर साखर जायची, रडतं मूल जायचं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू जायचे आणि सासूची गाऱ्हाणीही जायची. भिशी तिथेच लागायची. कुणाचा नवरा रात्री काय करतो हेही तिथेच कळायचं. ते सगळं प्रेमळच होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला वाचवणारं दारही तेच आणि नवी साडी नेसली म्हणून बोट दाखवणारंही तेच.

गिरणीचा भोंगा बंद झाला तरी नळाला पाणी येतच राहिलं. बायकांचं जाळं टिकलं ते यामुळे. घट्टपणाची परीक्षा झालीच नव्हती, कारण धक्का त्या दोरीला बसला नव्हता.

आणि तेही पुरतं खरं नाही, कारण खानावळवाल्यांना धक्का बसलाच. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायका. आठ-दहा-पंधरा मेंबर, महिन्याचा हिशेब, सामान वाण्याकडून उधारीवर. पगार झाला की मेंबर पैसे देणार, मग ती वाण्याला देणार. कामगार संपावर गेले की ती दोन्हीकडून कोंडीत, मेंबरला उपाशी ठेवता येत नाही आणि वाणी थांबत नाही. दागिने, भांडी गहाण पडायची ती तेव्हा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हाचा मोठा प्रश्न सावकारीचाच होता. बँका राष्ट्रीयीकृत होऊन काही वर्षं झाली होती, पण तारण नसलेल्या बाईला बँक दारात उभी करत नव्हती. एकमेकींना ओळखणाऱ्या बायका एकमेकींची हमी देतील, या बोलीवर कर्जं मिळवली गेली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, एरवी एकाच मेंबरसाठी ओढाताण करणाऱ्या खानावळवाल्या एका यादीत आल्या. ओळख आधीपासून होती, पण तिच्यावर कर्ज मिळू शकतं हे कुणीतरी दाखवावं लागलं.

संपानंतर घर बायकांनी चालवलं, हे खरंच. कुणी पोळी-भाजी विकायला लागली, कुणी धुणीभांडी धरली, कुणी घरी टिकल्या पाकिटात भरायला, लेबलं लावायला घेतली. धुण्याभांड्याची कामं एकीने दुसरीला दिली. गावाला जायचं तर नणंदेला किंवा शेजारणीला आपल्या घरांवर बदली लावून जायचं, म्हणजे घरं हातची जात नाहीत. नवऱ्याच्या गिरणीतली बदलीची पद्धत त्यांनी न सांगता उचलली. घरी बसून नगावर करायच्या या कामात मात्र एकी टिकायची नाही. माल देणारा एजंट एकीला एक भाव द्यायचा, दुसरीला दुसरा, आणि दोघींना सांगायचा की कुणाला बोलू नका. शेजारी-शेजारी बसून काम करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींचा भाव विचारत नसत. घट्ट नाती म्हणतात ती ही.

या जाळ्याची दुसरी मर्यादा अशी की, त्यातून अडचण निभते, पुढची वाट निघत नाही. शेजारीण साखर देईल, मूल सांभाळेल, पोलीस चौकीत बरोबर येईल. मुलाला बँकेत किंवा ऑफिसात लावायचं तर तिच्याकडे तुमच्याइतकीच माहिती असणार, कारण ती तुमच्याच मजल्यावर राहते.

इथे एक संशोधन मुद्दाम सांगते, कारण ते तुमच्या मार्गदर्शकांचं गणित उलटं करतं. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातल्या शाळांमधून शिकलेल्या मुलामुलींच्या कुटुंबांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाली तशी इंग्रजीची किंमत वाढली. पण ज्या जातींतल्या पुरुषांची कामगार नोकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी होती, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. काका चिकटवणार आहेत तर इंग्रजीचा खर्च कशाला? मुलींना चिकटवणारं कुणी नव्हतंच. त्या जाळ्यात त्यांना जागा नव्हती, म्हणून ते त्यांना अडवूही शकलं नाही, आणि त्याच घरांतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. चाळीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. भाऊ मंडळाच्या कार्यालयात कॅरम खेळत बसलेला आणि बहीण कॉल सेंटरच्या गाडीची वाट बघत कोपऱ्यावर उभी. तिला ओळख नव्हती, म्हणून तिने शिक्षणाच्या कागदावर भरवसा ठेवला. मराठी शाळा कमी प्रतीच्या असा याचा अर्थ काढू नका. मुद्दा एवढाच की भक्कम ओळखीचा भरवसा माणसाला जुन्याच वाटेवर धरून ठेवतो, आणि ती वाट खचली तरी लवकर सोडू देत नाही.

आता बायकांचं तुटणं. गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि २००१ मध्ये तिच्यात केलेल्या बदलाने विक्रीला मोकळ्या झाल्या, आजूबाजूच्या जागांचे भाव चढले आणि चाळी पुनर्विकासाला लागल्या. काहींनी खोली विकून विरार, बदलापूर, डोंबिवली गाठलं. काही संक्रमण शिबिरात गेले आणि तिथेच वर्षं काढली. काहींना त्याच जागी टॉवरमध्ये घर मिळालं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं ठरली.

चाळीचे गोडवे गाणारी मी नाही. घरात संडास हवा ही मागणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात बायकांनी केली, आणि रात्री बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत गेलेली कुठलीही बाई त्याचं कारण सांगेल. पण टॉवरमध्ये नळ घरात आला आणि बाहेर जायचं निमित्तच गेलं. दार बंद ठेवायचं असतं. विसाव्या मजल्यावरची म्हातारी खाली उतरायची तर लिफ्टची भीती. वाटीभर साखरेसाठी लिफ्टने कोण जातं? मुलं सांभाळायला शेजारीण नाही म्हणून धुण्याभांड्याची दोन घरं सोडलेल्या बायका मला माहीत आहेत. म्हणजे जागेला टांगलेलं जाळं तुटलं आणि त्याचा हिशेब पुन्हा पगारातूनच चुकता झाला. याच काळात नवरे सोसायटीच्या कमिटीवर गेले, मेंटेनन्सवर वाद घालायला लागले, पार्किंगमध्ये उभे राहून बोलायला लागले. पुरुषांना पुन्हा माणसं मिळाली, आणि तुमच्या मार्गदर्शकांचा नियम मान्य करायचा तर हे घडायलाच नको होतं.

त्या नियमात न बसणारी आणखी एक बाई म्हणजे लोकलच्या लेडीज डब्यातली. विरार किंवा बदलापूरहून रोज तीच गाडी, तोच डबा. भाजी निवडणं, भजन, संक्रांतीचं हळदीकुंकू, डोहाळजेवण, भिशी, सगळं डब्यात. कुणाच्या ऑफिसात जागा निघाली तर बातमी डब्यातच आधी कळते, कारण तिथे वेगवेगळ्या भागातल्या, वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या ऑफिसातल्या बायका असतात. हे जाळं नोकरीला टांगलेलं. २०२० मध्ये टाळेबंदीत लोकल थांबली तेव्हा ते एका दिवसात थांबलं, आणि नोकरी गेलेल्या बायका व्हॉट्सॲपच्या त्या ग्रुपवर बोलेनाशा झाल्या. नोकरी टिकलेल्या बोलत राहिल्या. वर्गणी चुकवणाऱ्या कामगाराची आठवण मला तेव्हा आली.

बचत गटांचं थोडक्यात सांगते. नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला तो अन्नपूर्णासारख्या अनुभवांच्या जवळचाच होता. बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात, मग आपसात कर्ज देतात, मग बँक येते. त्यानंतर आलेल्या मायक्रोफायनान्स कंपन्या बाईलाच शोधतात, कारण ती जागा सोडून पळत नाही आणि शेजारणींसमोर तोंड लपवू शकत नाही. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. शेजाराचा वापर वसुलीला होतो तेव्हा शेजार उरत नाही. इचलकरंजीत तुम्हाला हे सापडेलच. ‘तुम्ही कुठल्या गटात आहात का’ एवढं विचारून थांबू नका. बैठकीत साहेब कोण असतो आणि हप्ता चुकला तर घरी कोण येतं, हे विचारा.

सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला किती मित्र-मैत्रिणी आहेत’ हा प्रश्न ठेवला असेल तर काढून टाका. पुरुष फुगवून सांगतील, बायका ‘कुणी नाही’ म्हणतील, आणि दोन्ही खोटं. कामं विचारा. रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिलं दार कुणाचं वाजवता? पाचशे रुपये कुणाकडून मिळतील आणि पाच हजार कुणाकडून? मुलाच्या किंवा मुलीच्या कामासाठी शेवटचा शब्द कुणाकडे टाकलात? त्या माणसाशी ओळख कुठली, कारखान्यातली, गल्लीतली, गावाकडची की माहेरची? आणि तो आज स्वतः कामावर आहे का? हा शेवटचा प्रश्न कुणीही विचारत नाही. नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारू नका, पाचशे देणाऱ्याचं नाव बाईला नवऱ्यासमोर घ्यायचं नसतं.

इचलकरंजीचं एक वेगळेपण आहे. तिथे कामगार एखाद्या गिरणीत कायम नेमलेला नसतो. खर्चीवाल्याकडचे, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याकडचे, दहा-वीस माग, वर जॉबर, हिशेबाला दिवाणजी. मागावर पुरुष आणि कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या आडव्या सुताच्या नळ्या, भरायला बायका, ही जुनी वाटणी. आता माग बंद पडताहेत तसेच काही ठिकाणी धोट्याचे माग जाऊन एअरजेट आणि रेपियर हे नवे माग आलेत. त्यांना धोटा नाही, म्हणून कांडीही नाही. आडवं सूत थेट कोनवरून जातं. म्हणजे तिथे बाईचं काम आणि कांडीच्या मशीनभोवतीचा तिचा घोळका कारखाना बंद पडायच्या आधी, तो सुधारला तेव्हाच गेलेला असू शकतो, आणि नवरा तेव्हा कामावरच असेल. त्यामुळे ‘कारखाना कधी बंद झाला’ हा प्रश्न दोघांना सारखा लावू नका. बाईला ‘कांडी कधी सुटली’ हे वेगळं विचारा, त्यानंतर ती कुणाबरोबर बसते-उठते ते विचारा, आणि तक्त्यात या दोन सालांना दोन रकाने ठेवा.